गणिताची भीती आणि बोधात्मक प्रशिक्षण : इंदूरच्या संदर्भात एक चिकित्सा

गणिताच्या भीतीवरील उपाय म्हणून बोधात्मक प्रशिक्षणाची चर्चा होते, तेव्हा तिचा एक महत्त्वाचा आधार असतो स्टॅनफर्ड विद्यापीठातील कौस्तुभ सुपेकर, विनोद मेनन व सहकारी यांचा २०१५ मधील शोधनिबंध. ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे मोल निर्विवाद आहे, मात्र इंदूरच्या शाळांसाठी त्यातून नेमके काय घ्यावे, याची चिकित्सा आवश्यक आहे.

अभ्यासात तिसरीतील ४६ मुले होती. प्रत्येक मुलाला आठ आठवडे स्वतंत्रपणे बेरीज-वजाबाकी शिकविण्यात आली. ४० ते ५० मिनिटांचे एकूण २२ पाठ झाले. शिकवणीपूर्वी व नंतर मेंदूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. ज्या मुलांना गणिताची भीती अधिक होती, त्यांची भीती कमी झाली आणि भीतीशी संबंधित ‘अमिग्डाला’ या भागाची अतिरिक्त सक्रियताही ओसरली. मुळात भीती कमी असलेल्या मुलांत असा बदल दिसला नाही. गणितातील प्रगती मात्र दोन्ही गटांत झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. या मुलांना समुपदेशन दिले गेले नव्हते की स्मरणशक्तीचे खेळ शिकविले गेले नव्हते. त्यांना गणितच शिकविले गेले, पण धीराने व क्रमाक्रमाने. भीती वाटणाऱ्या गोष्टीशी सुरक्षित वातावरणात वारंवार परिचय झाल्याने भीती ओसरते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. याउलट, कार्यकारी स्मृतीच्या सरावाचा लाभ अंकगणितापर्यंत पोहोचत नाही, असे मेल्बी-लेर्वोग व हल्म यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दाखविले. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वर्गांना सुपेकर-मेनन यांच्या निष्कर्षाचा आधार देता येणार नाही.

या अभ्यासाची खरी मर्यादा व्यवहाराची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर एका शिक्षकामागे ३० मुले अपेक्षित आहेत. तीस मुलांना प्रत्येकी २२ पाठ द्यायचे म्हणजे ६६० पाठ, किमान ४४० तास. याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला ८०० अध्यापन तास ठरविले आहेत. निम्म्याहून अधिक वर्ष एका विषयाच्या एका घटकावर खर्च करणे कोणत्याही शाळेला शक्य नाही.

मध्य प्रदेशाने दीर्घकाळ वेगळी वाट धरली होती. राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीत २०१७-१८ पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ योजना लागू होती. सहांपैकी सर्वोत्तम पाच विषय निकालासाठी धरले जात. त्यामुळे गणितात अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थीही पुढे जाऊ शके. वर्ष वाचे, भीती मात्र तशीच राही. २०२४-२५ पासून ही योजना बंद झाली. पळवाट बुजली, हे योग्यच झाले. परंतु भीतीशी सामना करण्याची तयारी मुलांकडून करून घेतली नाही, तर गरीब घरातील मुलाचे शिक्षण दहावीतच थांबेल.

ही जबाबदारी महाविद्यालये काही अंशी उचलू शकतात. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणे अशक्य असले, तरी सर्वाधिक भेदरलेल्या चार-पाच मुलांना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी नियमितपणे शिकविणे अशक्य नाही. मात्र शिकविणाऱ्याच्या मनात भीती नसावी. सियान बाइलॉक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास केला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची चिंता अधिक होती, त्यांच्या वर्गातील मुलींमध्ये ‘गणित मुलग्यांचे’ हा समज वर्षअखेर अधिक आढळला आणि असा समज बाळगणाऱ्या मुली गणितात मागे होत्या. पळवाटेने दहावी ओलांडलेले विद्यार्थी आज महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांच्यातूनच उद्याचे शिक्षक घडणार आहेत. म्हणून गणिताच्या भीतीवरील पहिला वर्ग महाविद्यालयातच भरविला पाहिजे.