‘बिफोर द फ्लड’ आणि त्याचे समीक्षक : एका सर्वनामाचा प्रश्न

अमेरिकन नट लिओनार्डो डिकॅप्रिओ यांना पुढे ठेवून फिशर स्टीव्हन्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘बिफोर द फ्लड’ हा अनुबोधपट २०१६ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या चित्रपटमहोत्सवात प्रथम दाखविला गेला व ऑक्टोबरअखेर नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीवरून प्रसारित झाला. विषय हवामानबदलाचा. परंतु त्यावर झालेल्या समीक्षालेखनाचा रोख पुष्कळसा नटावरच राहिला. कोणी त्यांच्या तळमळीची वाखाणणी केली; यातील माहिती जाणत्या प्रेक्षकास नवी नाही, असे कोणी म्हटले; आणि खाजगी विमानाने फिरणाऱ्याने जगाला हा उपदेश करावा काय, हा प्रश्न तर पुनःपुन्हा विचारला गेला.

हा आक्षेप निराधार नाही. पण तो चित्रपटाने आधीच पदरात घेतलेला आहे. आपला कार्बनभार बहुतेकांहून अधिक असावा, अशी कबुली डिकॅप्रिओ पडद्यावरच देतात. कबूल केलेल्या गोष्टीचा पंचनामा करण्यात समीक्षकांनी इतकी शाई का वेचावी, हे कळणे कठीण आहे. त्यामुळे झाले असे की, चित्रपटातील सर्वांत मोलाच्या प्रसंगाची त्यांच्याकडून व्हावी तशी मीमांसा झाली नाही.

तो प्रसंग दिल्लीच्या सुनीता नारायण यांच्या भेटीचा. एका अमेरिकन माणसाच्या घरगुती विजेत ३४ भारतीयांचे भागते, हे त्या आकड्यांनिशी मांडतात. चुलीत गोवऱ्या जाळणारी घरे उद्या कोळशाकडे वळली तर जगाचे काय होईल, असे विचारतात. आणि अमेरिकेने आपला उपभोग आवरल्यावाचून इतरांस सूर्यशक्तीचे पाठ देऊ नयेत, असे पाहुण्याला तोंडावर सांगतात. संकलकाने हे कापले नाही, हे त्याचे श्रेय.

भाषेच्या अभ्यासकाला येथे विशेष स्वारस्य वाटते. चित्रपटाच्या इंग्रजी निवेदनात ‘वी’ हे सर्वनाम सर्वत्र वावरते. इंग्रजीत त्याने ऐकणारा आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मराठीत ‘आपण’ व ‘आम्ही’ हा भेद करावाच लागतो. (गुजराती, तमिळ, तेलुगू याही भाषांत तो आहे.) पृथ्वी तापविली ती ‘आपण’ की ‘आम्ही’? मराठी अनुवादकाला या वाक्याशी थांबावे लागेल. निवेदनाचा सूर ‘आपण’चा आहे; नारायण यांचे सारे म्हणणे असे की, अमेरिकनांनी येथे ‘आम्ही’ म्हणावयास हवे. अतिवृष्टीने पीक गमावलेला हरियाणातील शेतकरी याच चित्रपटात दिसतो. त्याला त्या ‘आपण’मध्ये ओढणे व्याकरणाला चालेल, हिशेबाला चालणार नाही.

चित्रपटाच्या अखेरीस, २२ एप्रिल २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांत पॅरिस कराराच्या स्वाक्षरीप्रसंगी केलेले डिकॅप्रिओ यांचे भाषण येते. तेथे राष्ट्रनेते ‘तुम्ही’ होतात आणि वक्ता विनवणी करणाऱ्यांच्या बाजूला, म्हणजे ‘आम्ही’त, जाऊन उभा राहतो. वाक्य प्रभावी आहे. पण नारायण यांनी आखलेली रेघ त्यात पुसली जाते. अमेरिकन नट आणि हरियाणाचा शेतकरी पुन्हा एकाच सर्वनामात येतात. खाजगी विमाने मोजणाऱ्या समीक्षकांनी हा बदल टिपला असता, तर त्यांच्या आक्षेपाला खरी धार आली असती.