संकासुर आणि किंगकाँग

यंदा शिमग्याच्या दिवसांत जयगडास जाण्याचा योग आला. शास्त्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें खाडीच्या तोंडाशीं हा जुना किल्ला उभा आहे, आणि त्याच्या आसपास टेकडीच्या उतारावर माडांच्या सांवलींत वाड्या पसरल्या आहेत. अशाच एका वाडींत रात्रीं नमनाचे खेळे चालले होते. गण झाला, गवळण झाली, मावशीनें लोकांना यथास्थित हंसवून घेतलें, आणि मग मृदंगाचा ठेका एकाएकीं बदलून संकासुर आला. अंगांत काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरांचा पट्टा. पुढें बसलेलीं पोरें किंचाळत आयांच्या पदराआड दडलीं, आणि क्षणभरानें तींच पोरें गुडघ्यांवर रांगत पुन्हा पुढें सरकलीं.

माझ्या शेजारीं पंच्याऐंशीच्या घरांतले एक गृहस्थ बसले होते. तारुण्यांत आगबोटीनें मुंबईस गेलेले, गिरणींत राबून म्हातारपणीं गांवीं परतलेले. हे स्वतः कित्येक वर्षें याच खेळ्यांत संकासुराचें सोंग घेत असत, असें मला मागाहून कळलें. संकासुर गिरकी घेऊन धुळींत पडला तेव्हां ते मान हलवून म्हणाले, “पडणें जमत नाहीं याला. पडणारा मीं एकच पाहिला, वरळीला. किंगकाँग.”

या एका वाक्यानें, ज्या विषयाकडे विद्वानांनीं सहसा वळूनही पाहिलेलें नाहीं, त्याकडे माझें लक्ष गेलें. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्यें ज्या ‘फ्री स्टाइल’ कुस्त्या होत, त्यांना गिरणगांवांतले हजारों लोक पदरचे पैसे मोडून जात. त्या कुस्त्यांतला दारासिंग सर्वांस ठाऊक आहे. त्याच्यासमोर उभा राहणारा किंगकाँग मात्र आतां केवळ एक नांव होऊन राहिला आहे, आणि तें नांवही त्याचें स्वतःचें नव्हे. १९३३ सालच्या अमेरिकन बोलपटांतील राक्षसी वानराचें तें नांव. माणसाचें खरें नांव एमिल चाया. जन्मानें हा हंगेरियन, १९०९ सालचा. पोटासाठीं देशोदेशीं हिंडत तो पूर्वेकडे आला आणि हिंदुस्थान, मलाया, सिंगापूर या टापूंत त्यानें आयुष्य घालविलें. त्याचें वजन दोनशें किलोंच्या आसपास सांगितलें जाई. १९७० सालीं मोटारीच्या अपघातांत जखमी होऊन तो सिंगापुरांत वारला. चरित्र म्हणून सांगण्याजोगें एवढेंच. बाकीचें सारें त्याच्या सोंगांत आहे.

येथें तालमींतल्या मंडळींचा आक्षेप प्रथम ऐकून घेतला पाहिजे, कारण तो खोटा नाहीं. ज्या महाराष्ट्रांत शाहू महाराजांनीं १९१२ सालीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान बांधलें, जेथल्या मातींतून निघून खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें, त्या महाराष्ट्रांत आगाऊ ठरवून केलेल्या झुंजीला ‘नुरा कुस्ती’ हें तिरस्काराचें नांव पूर्वींपासून आहे. जो निकाल आधींच ठरलेला आहे त्याचें तिकीट खऱ्या झुंजीचें म्हणून विकणें ही फसवणूक होय, असें वस्ताद म्हणतात, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तें बरोबरच आहे. परंतु खऱ्या कुस्तीचा एक गुण ते सांगत नाहींत. खरी कुस्ती प्रेक्षकाचें कांहीं देणें लागत नाहीं. १९१० च्या सप्टेंबरांत लंडनला गामा आणि झ्बिश्को यांची जगप्रसिद्ध लढत झाली. तींत झ्बिश्को बहुतेक वेळ पालथा पडून जमिनीला चिकटून राहिला, आणि अडीच तासांहून अधिक काळ गेल्यावर ती अनिर्णीत सोडावी लागली. पुढें १९२८ सालीं पतियाळास तेच दोघे पुन्हा भेटले, तेव्हां गामानें एका मिनिटाच्या आंत त्याला चीत केलें. एकदां लोक कंटाळले, एकदां नीट बसण्यापूर्वींच सारें संपलें. दोन्ही वेळां मल्लविद्येची शान राहिली आणि नाट्याचा मात्र पत्ता नव्हता.

गिरणीकामगाराला शनिवारीं संध्याकाळीं जें हवें होतें तें या दोहोंत बसत नव्हतें. त्याला अन्याय डोळ्यांनीं पाहावयाचा होता आणि त्याची फेड त्याच रात्रीं झालेली पाहावयाची होती. आठवडाभर ज्याला उलट बोलतां येत नाहीं त्याची ही भूक लहान नव्हे. आमच्या रंगभूमीनें ती ओळखली होती. खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं आलें, तेव्हां प्रेक्षकांनीं कीचकांत कर्झनसाहेब पाहिला, आणि १९१० सालीं सरकारनें नाटक बंद केलें. भीमाचा विजय पुराणांत आधींच लिहिलेला आहे, म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहींत. रोलाँ बार्थ नांवाच्या फ्रेंच टीकाकारानें १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत पॅरिसमधल्या अशाच आखाड्यांवर एक प्रबंध लिहिला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, या खेळांत जय कोणाचा होतो हें महत्त्वाचें नाहीं, दुःख, पराभव आणि न्याय हीं शेवटच्या रांगेंतल्या माणसाला स्पष्ट दिसलीं पाहिजेत. वरळीच्या स्टेडियमची कळ त्यानें पॅरिसमध्यें बसून ओळखली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

एकदां हें नाट्य मानलें कीं खलपुरुषाचें मोल करण्याची रीतही बदलते. असल्या झुंजींत नायकाला करावयाचें तें थोडें असतें: सरळ उभें राहणें, सोसणें आणि अखेरीस उसळणें. कथा चालविण्याचें काम खलपुरुषाचें. हात जोडून क्षमा तो मागणार, नायकानें पाठ फिरवितांच तडाखा तो मारणार, पंचाला न दिसेल पण दहा हजारांना दिसेल अशा बेतानें गळा तो आवळणार. लोक केव्हां ओरडतील, ओरडणें केव्हां शिगेला पोहोंचेल आणि कोणत्या क्षणीं तें पुरे झालें, हें त्याला कातडीनें कळावें लागतें. चपला अंगावर आल्या म्हणजे काम नीट चाललें असें समजावयाचें. लोकांच्या शिव्यांवर ज्याचें पोट आहे असे धंदे जगांत फार नाहींत.

दारासिंगाच्या कीर्तीचा कळस म्हणून जी हकीकत सांगतात ती घ्या. १९५६ सालीं त्यानें किंगकाँगला डोक्यावर उचललें, गरगर फिरविलें आणि खालीं आपटलें, असें ती सांगते. सांगणाऱ्यागणिक स्थळाचा आणि फेऱ्यांचा तपशील थोडा बदलतो. दारासिंगाचें बळ निःसंशय मोठें होतें. तथापि हमालीचें काम ज्यानें क्षणभर पाहिलें आहे त्याला माहीत असतें कीं, दोनशें किलोंचें धान्य आणि दोनशें किलोंचा नाखूष माणूस यांत फरक आहे. जो अंग सैल सोडील, झटका देईल, गुडघा मध्यें घालील, त्याला डोक्यावर नेतां येत नाहीं. उचलला जाणारा योग्य क्षणीं उडी घेतो, कणा ताठ ठेवतो, आपला तोल उचलणाऱ्याच्या खांद्यावर नेमका देतो, आणि मग त्या उंचीवरून स्वतःच्या सगळ्या वजनानिशीं खालीं येतो. त्या विजयाचा अर्धा कर्ता तो आहे, आणि जोखमीचा अर्धा त्याच्याच वांट्याचा. टाळ्या मात्र सगळ्या वरच्या हातांना. जयगडच्या त्या गृहस्थांनीं ‘उचलणारा’ न म्हणतां ‘पडणारा’ म्हटलें, यांत एका जाणत्या सोंगाड्याची पारख होती. आमच्या छापील समीक्षेंत ती क्वचित् आढळते.

दारासिंगाचें पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. १९६२ सालीं बाबूभाई मिस्त्रींनीं ‘किंगकाँग’ नांवाचाच हिंदी बोलपट काढला, त्याचाही नायक दारासिंगच. म्हणजे नांवसुद्धां जिंकणाऱ्याकडे गेलें. पुढें रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेंत तो घरोघर हनुमान झाला, राज्यसभेंत गेला, आणि २०१२ सालीं मोठ्या मानानें निवर्तला. यांत त्याचा दोष कांहीं नाहीं. त्यानें आपली भूमिका उत्तम वठविली.

येथवर मी किंगकाँगच्या कसबाची तरफदारी केली. पण त्या खेळांतलें एक व्यंग झांकतां येत नाहीं. त्याला दुष्ट ठरविण्यासाठीं कथा रचावीच लागली नाहीं. तो गोरा होता, परका होता, अवाढव्य होता, आणि ठेवलेलें नांव वानराचें होतें. एवढ्यावर न्यायनिवाडा झाला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला गोऱ्याला आपटलेलें पाहण्यांत गोडी वाटली तर त्यांत नवल नाहीं. पण हेंच सूत्र उलटें कसें लागतें तें पाहा. लुधियान्याकडचा टायगर जीतसिंग कॅनडांतून जपानांत गेला. डोक्याला फेटा, हातांत तलवार, आणि काम खलपुरुषाचें. १९७३ सालीं त्यानें टोकियोच्या भर रस्त्यांत आंतोनियो इनोकीवर हल्ला चढविला, तेव्हां जपानांत मोठा गहजब झाला. इकडे जें हंगेरियन माणसाचें तेंच तिकडे आमच्या पंजाब्याचें. वरळीस मोठ्यानें ओरडणाऱ्यांपैकीं एखाद्यास टोकियोच्या आखाड्यांत नेऊन बसविलें असतें, तर त्याच्या घशांतून आवाज फुटता ना. आतां २०१० पासून कॅनडांतल्या मिल्टन गांवीं एका प्राथमिक शाळेला जीतसिंगाचें नांव आहे. खलपुरुषाला एवढी जन्मठेपेंतून सुटका क्वचितच मिळते.

आणि हीच गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कीचकाचें काम करणारा नट पडदा पडल्यावर रंग पुसून बिऱ्हाडीं जाई. संकासुर तर वाडींतलाच असतो. सकाळीं त्याच्याच पडवींत चहा होतो आणि रात्रीं किंचाळलेलें पोर त्याच्याच मांडीवर बसतें. धंदेवाईक कुस्तीनें मात्र सोंग हें सोंग असल्याचें कबूल करण्यास साफ नकार दिला. तें गुपित राखण्यासाठीं मल्ल रस्त्यांतही आपापली भूमिका वठवीत. अमेरिकेंत तर १९८९ सालीं, तेंही सरकारी नियम आणि कर यांतून सुटका व्हावी म्हणून, तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीनें न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढें हें केवळ मनोरंजन आहे अशी कबुली दिली. तोंवर चाया वारून एकोणीस वर्षें झालीं होतीं. ज्या प्रेक्षकांना त्यानें इतकें सुख दिलें, त्यांच्यासमोर मुखवटा उतरवून उभें राहण्याची मुभा त्याच्या धंद्यानें त्याला कधीं दिली नाहीं. वस्तादांचा आक्षेप गिऱ्हाइकाच्या फसवणुकीवर आहे. माझ्या मतें मोठी फसवणूक त्या माणसाची झाली.

पहांटे खेळे संपले. संकासुर टोपी काखेंत घेऊन विडी ओढीत बसला होता, आणि आमचे वृद्ध गृहस्थ त्याला पडतांना खांदा आधीं कसा द्यावा हें हातवारे करून दाखवीत होते. मीं त्यांना किंगकाँगचें खरें नांव सांगितलें. त्यांनीं तें दोनदां चुकीचें उच्चारून पाहिलें.

“गांव कोणतें त्याचें?”

मीं हंगेरी म्हणून सांगितलें.

“तिकडे शिमगा असतो?”

मला मोहाच आठवलें. हंगेरींतल्या त्या गांवीं हिंवाळा सरतां सरतां पुरुष शिंगांचे लाकडी मुखवटे आणि मेंढ्यांचीं कातडीं घालून, घंटा वाजवीत, पोरांना भेडसावीत रस्त्यानें फिरतात. मीं तें सांगितलें.

“मग तेंच,” ते म्हणाले, आणि पुन्हा त्या पोराच्या खांद्याकडे वळले.