फँड्री : ध्वनियोजना

‘फँड्री’ (२०१३) हा नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट. कैकाडी बोलीत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. उत्तरार्धात कैकाडी कुटुंब डुकराचा पाठलाग करते. डुक्कर हाती येणार, तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या (सोमनाथ अवघडे) व पाठोपाठ घरची माणसे निश्चल उभी राहतात. डुक्कर मात्र निसटते. हा ध्वनी शाळेच्या नित्यक्रमातून, म्हणजे कथेच्या परिसरातूनच आलेला असल्याने त्यातील उपरोध ओढूनताणून आणलेला वाटत नाही. नागरिक म्हणून मिळालेली समानता राष्ट्रगीताच्या अवधीपुरतीच टिकते. पाठलाग पुन्हा सुरू होताच बघ्यांची हेटाळणी कानी पडू लागते. ‘फँड्री’ हा शब्द आता जनावराचे नाव न राहता माणसाला दिलेली शिवी होतो. हेटाळणीला उत्तर म्हणून जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकांच्या दिशेने येतो व पडदा काळा होतो. तोवर नुसते ऐकत बसलेला प्रेक्षकही बघ्यांत मोडतो, याची जाणीव हा शेवट करून देतो. पार्श्वसंगीताने करुणा चेतविण्यापेक्षा परिसरातील ध्वनींनाच अर्थवाहक करणे, हे या चित्रपटाचे लक्षणीय यश होय.