रोजनिशी आणि मनोव्यथेची भाषा : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

मराठी समीक्षेत रोजनिशीचा विचार बहुधा आत्मचरित्राच्या अनुषंगाने होतो. मानसोपचारात मात्र रुग्णाने आपल्या लक्षणांची रोज नोंद ठेवावी, असा सल्ला दिला जातो. ही नोंद साहित्याच्या निकषांवर वाचता येईल काय, आणि येत नसल्यास ती कशी वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आणि पुढील काळातील शेतकरी आत्महत्या यांमुळे न बोललेल्या दुःखाचा प्रश्न येथील समाजजीवनाशी निगडित झाला आहे.

प्रश्नावलीची मर्यादा :

राज्य शासनाने २०१५ मध्ये उस्मानाबाद व यवतमाळ या जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले. त्याच सुमारास आरोग्य विभागाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत आला. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या साहाय्याने नैराश्याची लक्षणे असलेल्या व्यक्ती शोधाव्यात व त्यांना उपचारापर्यंत पोहोचवावे, अशी ही योजना होती. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि प्रश्नावलीची भाषा ही विचारणाऱ्याची भाषा असते. जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली (२००१) गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारते आणि उत्तरांना गुण देते. आपल्याकडचा माणूस मात्र ‘जीव घाबरा होतो’, ‘करमत नाही’, ‘डोकं जड झालंय’ असे म्हणतो. यातील कोणते वाक्य कोणत्या रकान्यात बसवावे, हा निर्णय विचारणाऱ्यावर सोडला जातो. प्रश्नावली व्यथा मोजते. ती केव्हा आली, कशामुळे वाढली आणि कशाने उतरली, हे सांगण्यासाठी रोजच्या नोंदीची गरज असते.

या गरजेला मानसशास्त्रीय आधार आहे. विल्यम्स व ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांच्या स्मरणाचा अभ्यास केला. अशा व्यक्तींना नेमका प्रसंग आठवण्याऐवजी ढोबळ आठवणच येते, असे त्यांना आढळले. म्हणूनच डॉक्टरांनी ‘कसं वाटतं?’ असे विचारताच ‘नेहमीसारखंच’ हे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते. आजारच स्मरणातील तपशील पुसत असतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळणाऱ्या थोड्या वेळात झोप, भूक, औषधाची वेळ आणि मनःस्थिती यांची तारीखवार नोंद रुग्णाच्या बाजूने बोलू शकते.

मराठीतील आत्मनोंद :

दुःखाची नोंद मराठीला नवी नाही. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत वासराचा मृत्यू, स्वतःला आलेली मूर्च्छा आणि पतीचा जाच हे क्रमाने सांगितले आहे. त्यांना आजच्या निदानाच्या चौकटीत बसविणे अनैतिहासिक ठरेल. परंतु आधी काय घडले, देहाचे काय झाले, भोवतालचे लोक कसे वागले, ही त्यांची मांडणी लक्षणीय आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मध्येही रोजनिशीचे रूप येते. तेथील नोंदीची तुटकता हीच तिची कलात्मकता आहे. ती पांडुरंग सांगवीकरने कोणा उपचारकासाठी लिहिलेली नाही. वाचकाने तिच्यातील संदिग्धतेचा आस्वाद घ्यावा, अशीच तिची रचना आहे. उपचारासाठी लिहिलेल्या नोंदीत हीच संदिग्धता अडथळा ठरते. तिचे मूल्य शैलीवर अवलंबून नसून तपशिलाच्या प्रामाणिकपणावर आणि ती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचण्यावर अवलंबून असते.

काही आक्षेप :

लेखनाने मन मोकळे होते, हे विधान जपून करावे लागते. पेनेबेकर व बील यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस आघाताविषयी लिहावयास लावले. त्यातून या विषयावरील संशोधनाची परंपरा सुरू झाली. फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्रितपणे तपासले, तेव्हा सरासरी परिणाम अनुकूल पण लहान असल्याचे दिसले. तोच तो विचार रोज गिरवत राहिल्यास लेखन उपकारक होण्याऐवजी जखम खाजविणारे ठरू शकते. दुसरा आक्षेप सामाजिक आहे. एका खोलीच्या घरात सुनेची वही कोठे राहणार? मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा उपचारकावर गोपनीयतेचे बंधन घालतो. घरातील कपाटाला तो कुलूप लावू शकत नाही. तिसरा आक्षेप साक्षरतेचा आहे. ज्या स्त्रियांनी जात्यावरच्या ओवीत आपले दुःख गायिले, त्यांच्या हाती वही देणे पुरेसे नाही. त्यांची तोंडी नोंद आशा कार्यकर्तीने त्यांच्याच शब्दांत उतरवून घेणे, हा अधिक योग्य मार्ग होय.

निष्कर्ष :

१. उपचारासाठीची रोजनिशी साहित्य म्हणून न जोखता साक्ष म्हणून वाचावी.

२. नोंद थोडक्यात, तारखेसह आणि स्वतःच्या बोलीत असावी. भेटीपूर्वी तिचा एका पानाचा सारांश करावा.

३. ती कोणाला दाखवावयाची, हा निर्णय लिहिणाऱ्याचाच असावा.

४. रोजनिशी उपचाराला पर्याय नाही. जीव देण्याचा विचार नोंदीत उतरला असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तत्काळ मदत घ्यावी. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सेवा त्यासाठी उपलब्ध आहे.

येथे भाषेच्या अध्यापकाची जबाबदारी येते. विद्यार्थ्याच्या निबंधात वा वहीत ‘मन कशातच लागत नाही’ असे वाक्य आले, तर आपली लाल शाई प्रथम त्यातील ऱ्हस्वदीर्घाकडे वळते. ते वाक्य चूक म्हणून न वाचता निरोप म्हणून वाचावे आणि त्या विद्यार्थ्याला एकांतात विचारावे. समीक्षेने शिकविलेले सूक्ष्म वाचन येथे एखाद्याच्या जिवाला उपयोगी पडू शकते.