पुठ्ठ्याचे शिरस्त्राण : सर्व्हान्तेसची ‘दोन किहोते’ कशी वाचावी?

पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला घेऊन धावणारा वेडा सरदार, एवढीच ‘दोन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीची ओळख बहुतेक विद्यार्थ्यांना असते. (इंग्रजीमार्फत हे नाव आपल्याकडे ‘डॉन क्विक्झोट’ असे आले.) तो प्रसंग पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात येतो आणि दोन-तीन पानांत संपतो. कादंबरीचे मर्म मात्र पहिल्याच प्रकरणातल्या एका लहानशा प्रसंगात आहे, असे मला वाटते. या टिपणात आपण तिथून सुरुवात करू.

लेखकाचे आयुष्य

मिगेल दे सर्व्हान्तेसचा जन्म १५४७ साली माद्रिदजवळच्या आल्काला दे एनारेस येथे झाला. १५७१च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ मध्ये मायदेशी परतताना तो चाच्यांच्या हाती सापडला आणि पाच वर्षे अल्जीर्सला कैदेत राहिला. पळून जाण्याचे चार प्रयत्न फसले. शेवटी १५८० मध्ये खंडणी भरून त्याची सुटका झाली. पुढे त्याने सरकारसाठी गहू आणि तेल गोळा करण्याची, नंतर करवसुलीची नोकरी केली. हिशेबाच्या घोळापायी १५९७ मध्ये त्याला सेव्हियाचा तुरुंगही पाहावा लागला. कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला, दुसरा १६१५ मध्ये. १६१६च्या एप्रिलमध्ये तो वारला. युद्धातला पराक्रम आणि धान्याचा हिशेब, दोन्ही त्याने जवळून पाहिले होते.

न केलेली दुसरी चाचणी

वीरकथा वाचून वाचून डोके फिरलेला किहोते पणजोबांचे गंजलेले चिलखत बाहेर काढतो. शिरस्त्राणाला चेहरा झाकणारा भाग नसतो, म्हणून तो पुठ्ठ्याचा तयार करतो. मजबुती पाहण्यासाठी तलवारीचा घाव घालतो आणि आठवड्याची मेहनत पहिल्याच घावात वाया जाते. तो पुन्हा बांधणी करतो, आतून लोखंडी पट्ट्या लावतो. या वेळी मात्र चाचणी घेत नाही. शिरस्त्राण उत्तम आहे असे ठरवून मोकळा होतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळेल. पहिली चाचणी घेणारा माणूस मूर्ख नसतो. दुसरी चाचणी टाळण्याचा निर्णय हीच त्याच्या वेडाची सुरुवात. पवनचक्कीच्या पात्याने तो आपटला, तेव्हाही आपला अंदाज चुकला असे तो म्हणत नाही. फ्रेस्तोन नावाच्या जादूगाराने राक्षसांच्या पवनचक्क्या केल्या, असे म्हणतो. अशा स्पष्टीकरणाला कोणताच पुरावा खोटे पाडू शकत नाही.

दुसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणात याची उलटी बाजू दिसते. गाढवांवरून येणाऱ्या तीन शेतकरी मुलींकडे बोट दाखवून सांचो पान्सा म्हणतो, ही पाहा तुमची दुल्सिनेया आणि तिच्या दासी. किहोतेला तिथे फक्त शेतकरी मुलीच दिसतात. डोळे अगदी बरोबर सांगत असतात; पण जादूगाराने आपल्याच नजरेवर पडदा टाकला, असा निष्कर्ष तो काढतो. खरे दिसूनही माणूस ते नाकारू शकतो, हे सर्व्हान्तेसने इथे हसवता हसवता दाखवले आहे.

लेखकाने घेतलेली चाचणी

नायकाने जे टाळले, ते लेखकाने केले. दुसऱ्या भागातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे आणि ती त्यातल्या चुका काढतात. मूळ कथेशी संबंध नसलेली उपकथा मध्येच का घातली? सांचोचे गाढव चोरीला गेले होते, मग ते मिळण्याआधीच तो त्यावर बसलेला कसा? सांचो उत्तर देतो की इतिहासकार चुकला असेल, नाहीतर छापणारा. स्वतःच्या पुस्तकावर असा घाव घालू देणारा लेखक त्या काळात विरळाच. १६१४ मध्ये आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी बनावट दुसरा भाग छापला, तेव्हा त्या पुस्तकालाही सर्व्हान्तेसने आपल्या कथेत ओढले. ते खोटे ठरावे म्हणून त्याचा नायक सारागोसाला जायचे सोडून बार्सेलोनाला जातो.

दोषही सांगायला हवेत. दुसऱ्या भागात ड्यूक आणि डचेस किहोतेची थट्टा करत राहतात, ती प्रकरणे लांबली आहेत आणि एकच युक्ती पुन्हा पुन्हा येते. तरी तिथेच एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो : भ्रमात जगणारा अधिक वेडा, की त्याचा भ्रम टिकावा म्हणून एवढा खर्च करणारे शहाणे?

वारसा

१७४२ मध्ये हेन्री फील्डिंगने ‘जोसेफ अँड्र्यूज’च्या मुखपृष्ठावरच आपण सर्व्हान्तेसच्या धाटणीने लिहिल्याचे नोंदवले. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) वाचताना, पुस्तकांतले जग खरे मानणाऱ्या एमामध्ये किहोतेच पुन्हा भेटतो. शेवटी किहोते शुद्धीवर येतो, आपले खरे नाव आलोन्सो किहानो असल्याचे सांगतो आणि मरतो. सांचो रडत त्याला मेंढपाळांच्या वेशात रानात चलण्याची गळ घालतो. आपल्यालाही तसेच वाटते; आणि भ्रमाची ओढ आपल्यात किती आहे, हे तिथे कळते.

विचारासाठी प्रश्न

१. किहोतेच्या ‘जादूगार’ या स्पष्टीकरणासारखी, कधीच खोटी न ठरणारी स्पष्टीकरणे आज कुठे दिसतात?
२. शेवटी शुद्धीवर येणे हा किहोतेचा विजय की पराभव? कादंबरीतील प्रसंगांच्या आधारे मत मांडा.