चिरूट आणि तूर

क्यूबानें २००० सालीं ‘मर्यादित आवृत्ती’चे चिरूट काढण्यास आरंभ केला. त्यांचें वरचें पान निदान दोन वर्षें मुरविलेलें असतें. रसिक त्यांचा गंध, धूर व राख पारखून मोल ठरवितात. परंतु ही दुर्मिळता व्यापाऱ्यानें मोजून दिलेली! आमच्या नांदेडास, जेथें खालसा तंबाखूस शिवत नाहीं, तीच पारख आम्हीं शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील बोरसुरीच्या तूरडाळीवर केली. नुसतें हळद-मीठ घातलेलें वरण. तुपावांचूनही त्यास मंद गोडी होती. हिची दुर्मिळता मातीनें ठरविलेली आहे. २०२४ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. मात्र त्यामुळें भाव चढून पिकविणाऱ्याच्याच ताटांतून ती नाहींशी झाली, तर या गौरवाचा उपयोग काय?