किमान वीस डाव

५०८ धावा, सात वेळा बाद, सरासरी ७२.५७. हे आकडे कोणाचे? क्रिकेटवेड्या वाचकांना याची दोन उत्तरे देता येतील आणि दोन्ही बरोबर ठरतील. एक, दक्षिण आफ्रिकेचा बॅरी रिचर्ड्स. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो चार कसोट्या खेळला, मग वर्णभेदी राजवटीवर जगाने बहिष्कार घातला आणि त्याची कसोटी कारकीर्द तेवढ्यावरच संपली. दुसरे उत्तर आपला दिलीप वेंगसरकर, पण फक्त लॉर्ड्सवरचा. १९७९, १९८२, १९८६ आणि १९९० या चार दौऱ्यांत तिथे चार कसोट्या आणि पहिल्या तिन्हींत शतक. धावा ५०८, सरासरी ७२.५७. दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा तेच!

योगायोग गमतीचा खरा, पण तो विचार करायला लावतो. वेंगसरकरची संपूर्ण कारकीर्द ११६ कसोट्यांची आणि सरासरी ४२.१३. म्हणजे अतिशय चांगला, पण 'सर्वश्रेष्ठ' म्हणताना जरा अडखळायला होईल असा फलंदाज चार कसोट्यांच्या तुकड्यात हुबेहूब बॅरी रिचर्ड्स दिसू शकतो. मग रिचर्ड्सला थोर का म्हणायचे? त्या ५०८ धावांमुळे नव्हेच. हॅम्पशायर, नाताल वगैरे संघांकडून त्याने प्रथम श्रेणीत २८,३५८ धावा आणि ८० शतके काढली, म्हणून. त्या दशकात इथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काहींनी त्याला साउथॅम्प्टनला पाहिलेही असेल. कसोटीचा आकडा हा त्याच्या थोरवीचा पुरावा नसून केवळ पावती आहे.

सरासरीचे तक्ते करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असते. म्हणून बहुतेक तक्त्यांच्या तळाशी बारीक टाइपात एक अट असते: किमान वीस डाव. ती नसती तर १९४८ मध्ये इंग्लंडविरुद्ध एकुलती एक कसोटी खेळून ११२ धावा काढणारा त्रिनिदादचा अँडी गँटोम ९९.९४ च्या ब्रॅडमनच्या डोक्यावर जाऊन बसला असता. अट समजण्याजोगी आहे. पण ती कारकुनी अट आहे, आणि आपल्या मुंबईवर तिने विचित्र अन्याय केला आहे. विनोद कांबळीचे कसोटी डाव २१, म्हणून तो ५४.२० च्या सरासरीने तक्त्यात दिमाखात बसतो. विजय मर्चंट यांचे डाव १८, म्हणून ते बाहेर!

मर्चंट दहा कसोट्या खेळले, सगळ्या इंग्लंडविरुद्ध. धावा ८५९, सरासरी ४७.७२. त्यांचे समकालीन, सांगलीचे विजय हजारे तीस कसोट्या खेळले. त्यांची सरासरी ४७.६५. फरक सात शतांशांचा. मुंबईत एके काळी या दोन विजयांच्या भक्तांमध्ये अक्षरशः दोन पंथ होते. १९४३ च्या पंचरंगी सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या, तर समोरच्या संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांनी. त्या सात शतांशांवरून किती चहा थंड झाला असेल कोण जाणे.

इथे माझ्यातला अभियंता गप्प बसत नाही. १९४५ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात जी. एच. वुड यांनी दाखवले होते की फलंदाजाच्या धावसंख्या साधारण भूमितीय श्रेणीने पसरतात. म्हणजे दहावर असो वा सत्तरवर, पुढच्या धावेआधी बाद होण्याची शक्यता थोडीफार तीच. याचा एक परिणाम असा की डावाडावांतला चढउतार जवळजवळ सरासरीइतकाच मोठा असतो. मग सरासरीतली अनिश्चितता काढणे सोपे: सरासरीला जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. गावसकर १९८ वेळा बाद झाला, त्याची ५१.१२ ही सरासरी साडेतीन धावा इकडेतिकडे. हजाऱ्यांची सात धावा इकडेतिकडे. मर्चंट यांची तब्बल अकरा! तेव्हा ४७.७२, ४७.६५ आणि ५१.१२ यांत आकड्यांच्या जोरावर वरखाली ठरवणे व्यर्थ आहे. पोलॉक ६०.९७, हेडली ६०.८३, सटक्लिफ ६०.७३ ही क्रमवारीही तशीच पोकळ. ब्रॅडमनच्या सरासरीतही बारा धावांची अनिश्चितता आहे, पण या तिघांपासून तो ३९ धावा वर आहे. तो वाद वर्गमुळानेही मिटत नाही, तो मिटलेलाच आहे.

पण अनिश्चितता हा अर्धाच प्रश्न. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: कारकीर्द लहान का राहिली? कारखान्यात बल्ब किती तास टिकतात हे तपासताना काही बल्ब जळतात आणि काही चालू असतानाच कोणीतरी काढून नेतो. दोघांचे तास सारखे भरले तरी दोघांना एकाच रकान्यात घालणारा अभियंता नोकरीवरून जाईल. क्रिकेटला ही गोष्ट डावापुरती कळते, म्हणून 'नाबाद' हा शब्द आहे. कारकिर्दीला मात्र आपण तो शब्द लावत नाही.

रिचर्ड्सची कारकीर्द नाबाद. मर्चंट यांची जखमी होऊन निवृत्त. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते गेले नाहीत, कारण देशातले नेते तुरुंगात होते. महायुद्धाने ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. १९४७-४८ ला प्रकृतीने ऑस्ट्रेलिया हुकवली. भारताच्या पहिल्या २१ कसोट्यांपैकी ते दहाच खेळू शकले. आणि ज्या खेळले त्या पाहा: १९३६ ला मँचेस्टरला ११४ आणि मुश्ताक अलींबरोबर २०३ ची सलामी, १९४६ च्या भिजक्या उन्हाळ्यात दौऱ्यावर ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा, त्यात ओव्हलच्या कसोटीतल्या १२८; आणि १९५१ ला दिल्लीत, वयाची चाळिशी उलटल्यावर, शेवटच्या डावात १५४. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि ते थांबले. प्रथम श्रेणीत सरासरी ७१.६४.

कांबळीचे काय? पहिल्या सात कसोट्यांत ७९३ धावा, सरासरी ११३.२९. पुढच्या दहांत २९१, सरासरी २२.३८. वयाच्या तेविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेट संपले. शिस्त, उसळते चेंडू, निवड समितीची मर्जी... कारणे प्रत्येकजण आपापली सांगतो. मी फक्त दुसरे आकडे शेजारी ठेवतो. गावसकर: १९७१ ला वेस्ट इंडीजमध्ये चार कसोट्यांत ७७४, सरासरी १५४.८०. त्यानंतरच्या दोन मालिकांत, आठ कसोट्यांत, ३६८. सरासरी २४.५३! त्याला कोणी वगळले नाही. संघ जिंकत होता, दुसरा तसा सलामीवीर नव्हता आणि त्याचे तंत्र पाहून जाणकारांचा धीर टिकला. उरलेल्या ११३ कसोट्यांत त्याने ५०.४५ च्या सरासरीने त्या धीराची परतफेड केली. कांबळी तशीच करता असे मी म्हणत नाही. १९९४ च्या वेस्ट इंडीज मालिकेत त्याची उडालेली त्रेधा ज्यांनी पाहिली तेही म्हणणार नाहीत. पण तेरा डावांचे २२.३८ आणि पंधरा वेळा बाद होऊनचे २४.५३ यांत गणिताला फरक दिसत नाही. फरक निवड समितीच्या खोलीत पडला. कारकिर्दीची लांबी ही उंचीसारखी निसर्गाने दिलेली नसते, बऱ्याचदा ती दुसऱ्या कोणीतरी दिलेली असते. बाकी १९७१ ला गावसकरला वेस्ट इंडीजला पाठवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट.

तेव्हा माझ्या सार्वकालिक भारतीय संघात गावसकरबरोबर सलामीला मर्चंट, अठरा डाव असोत की आठ. कांबळी नाही. हजाऱ्यांसाठी मधल्या फळीत कोणाला उठवायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. उम्रीगर आणि मांजरेकर यांच्या चाहत्यांनी पत्रे संपादकांकडे पाठवावीत, रात्री अकरानंतर माझ्या घरी फोन करू नयेत.